ताम्हिणीच्या पावसाआधीचा वारा

25 जुलै 2024 रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग इथे एका दिवसात पडला. त्याच सकाळी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले आणि माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत धरणाची चर्चा झाली, नदीपात्रातल्या भरावाची झाली, विसर्गाची वेळ कोणी ठरवली याची झाली. या सगळ्या चर्चा व्हायलाच हव्यात. मात्र या पावसाची गोष्ट खडकवासल्याच्या दरवाजांपाशी सुरू होत नाही, ताम्हिणीच्या कड्यापाशीही नाही. ती त्याआधी दोन-तीन दिवस, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, माणूस नसलेल्या पाण्यावर सुरू झालेली असते.

पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा वारा अरबी समुद्रावरून वाफ गोळा करत येतो, कोकणपट्टी ओलांडतो आणि भीमाशंकर, लोणावळा, ताम्हिणी, महाबळेश्वर या रांगेवर येऊन आदळतो. डोंगर समोर आला की हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. वर चढताना ती थंड होते, थंड हवेला तेवढी वाफ पेलवत नाही, आणि जे पेलवत नाही ते खाली पडते. शाळेच्या भूगोलात हे सगळ्यांनी शिकलेले असते. तिथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या साखळीतली सर्वांत चंचल कडी वारा आहे. डोंगराची उंची बदलत नाही. जुलै-ऑगस्टात समुद्रावरची हवा दमटच असते. आज ताम्हिणीत चाळीस मिलिमीटर पडणार की चारशे, हे बऱ्याच अंशी वारा किती जोराचा आहे, सह्याद्रीला किती आडवा येतो आहे आणि किती वेळ तसाच टिकतो आहे, यावर ठरते.

थोडे ढोबळ गणित करून पाहू. समुद्रसपाटीपासून दीड किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेत दर घनमीटरमागे सरासरी 15 ग्रॅम वाफ आहे असे धरू. वारा सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. किनाऱ्याची फक्त एक मीटर रुंदी घेतली, तरी तिच्यावरून दर सेकंदाला 225 किलो वाफ डोंगराकडे जाते. त्यातला पाचवा हिस्सा वीस किलोमीटर रुंदीच्या घाटपट्ट्यात पाऊस होऊन पडला, तर तासाला आठ मिलिमीटर, दिवसाला सुमारे 195 मिलिमीटर. आता बाकी सगळे तसेच ठेवून वारा सेकंदाला 15 मीटर करा. दिवसाचा पाऊस 290 मिलिमीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्षात इतके सरळ काही नसते. किनाऱ्याला समांतर असलेला कमी दाबाचा पट्टा, बंगालच्या उपसागरातून आत येणारी कमी दाबाची क्षेत्रे, ढगांच्या आतल्या उलथापालथी हे सगळे त्यात मिसळते. तरीही मुळशीच्या पावसाबद्दल आधी काही सांगायचे असेल, तर पहिला प्रश्न हाच राहतो: समुद्रावर वारा काय करतो आहे?

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचे उत्तर मिळवणे फार अवघड होते. जमिनीवर वारा मोजायला खांबावर वाऱ्याच्या वाट्या बसवता येतात. समुद्रावर खांब कुठे रोवणार? पूर्वी सारी मदार जहाजांवर असे. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी ठरवली, पुढे तिच्यात समुद्राच्या रूपाची वर्णने जोडली गेली. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या आहेत, की लाटांचे माथे फुटू लागले आहेत, की फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने लांबत चालले आहेत, हे पाहून खलाशी वाऱ्याचा आकडा लॉगबुकात लिहीत. पण आपल्याला ज्या महिन्यांत हे आकडे सर्वांत जास्त हवेत, नेमक्या त्याच महिन्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणातले तांडेल होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहत असतात, आणि मोठी जहाजेही खराब हवामान टाळून वाट काढतात. ज्या ठिकाणचा वारा कळायला हवा, तिथूनच नोंद येत नसे.

पुणेकरांना हा इतिहास परका वाटू नये. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि तिच्यासमोरच्या चौकाला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी हवामानाच्या नोंदी, उपकरणे आणि संशोधन यांचे मोठे काम इथेच राहिले. 1962 मध्ये उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी स्थापन झालेली आयआयटीएम ही संस्था आज पाषाणला आहे, मुळशीच्या वाटेवरच म्हणा ना. 1959 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजे आणि विमाने हा समुद्र पालथा घालत होती आणि तिचे हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होते. 1969 मध्ये जॉन फिंडलेटरने पूर्व आफ्रिकेतल्या नोंदींवरून दाखवून दिले की विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून एक जोराचा वाऱ्याचा झोत भारताकडे वळतो. जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर तो सर्वांत तीव्र असतो. सोमालियाच्या टोकापासून कोकणापर्यंतचे अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे. सेकंदाला 15 मीटर वेगाने निघालेल्या हवेला ते कापायला दोन दिवस लागतात. म्हणजे तिकडचा वारा आज नीट कळला, तर मुळशीला दोन दिवसांची सवड मिळते. 

मोहिमा मात्र येतात आणि संपतात. पाऊस दरवर्षी येतो. रोजच्या रोज, साऱ्या समुद्रावरचा वारा कळायचा तर वरूनच पाहायला हवे, आणि वरून पाहण्यातही एक अडचण आहे. इन्सॅटसारखे उपग्रह ढगांची छायाचित्रे घेतात. एकामागोमाग घेतलेल्या छायाचित्रांत ढग किती सरकले हे पाहून वारा काढता येतो, पण तो ढगांच्या उंचीवरचा. खाली पाण्याला घासत जाणारा, वाफ उचलणारा वारा ढगांच्या चादरीखाली दडलेला असतो. दृश्य प्रकाशाला ही चादर भेदता येत नाही, अवरक्त किरणांनाही नाही. काही सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी मात्र ढगांतून आरपार जातात, दिवस असो वा रात्र. त्यामुळे हे काम त्यांच्याकडे आले.

पण सूक्ष्मलहरींना तरी वारा कुठे दिसतो? हवा त्यांना पारदर्शक आहे. त्यांना दिसते ते पाणी. सारी युक्ती इथे आहे. ती समजून घ्यायला मुळशी धरणाच्या काठावर जावे. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, संध्याकाळच्या सुमाराला माले गावाच्या बाजूने जलाशयाकडे पाहत बसा. वारा पडलेला असताना पाणी तुकतुकीत असते, समोरचे डोंगर त्यात उलटे दिसतात. मग एक झुळूक येते आणि पाण्यावरून एक काळपट डाग सरकत जातो. त्या डागात प्रतिबिंब मोडलेले असते. नीट पाहिले तर तो डाग म्हणजे बोटभर रुंदीच्याही नसलेल्या, एकीला लागून एक अशा शेकडो लहरी असतात. झुळूक पुढे गेली की मागचे पाणी पुन्हा गुळगुळीत होते. मोठ्या लाटा उठायला वेळ लागतो आणि शमायलाही. दूरच्या वादळाच्या लाटा वारा थांबल्यावरही दोन दोन दिवस किनाऱ्यावर येत राहतात. या चिमुकल्या लहरी मात्र वाऱ्याबरोबर जन्मतात आणि त्याच्याबरोबरच विरतात. त्यांना धरून ठेवणारे बळ मुख्यतः पाण्याच्या पृष्ठताणाचे असते. या घडीला, या जागी वारा किती आहे, हे समुद्राच्या अंगावर त्यांच्याइतके ताजे दुसरे काहीच सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या रडारचालकांना या लहरींनी पुरते हैराण केले होते. शत्रूची पाणबुडी शोधावी तर पडद्यावर समुद्राचाच गोंगाट, आणि वारा वाढला की गोंगाटही वाढे. युद्धानंतर त्या गोंगाटाचाच अभ्यास सुरू झाला आणि त्यातून स्कॅटरोमीटर हे उपकरण उभे राहिले. ते एक रडार आहे, पण ते विमान किंवा जहाज शोधत नाही. ते तिरक्या कोनातून समुद्रावर सूक्ष्मलहरी सोडते आणि त्यातल्या किती परत आल्या तेवढेच मोजते. पाणी आरशासारखे सपाट असेल तर तिरका झोत पलीकडे निघून जातो, परत जवळजवळ काहीच येत नाही. पाण्यावर लहरी असतील तर थोडा भाग मागे फिरतो.

यात निसर्गाने एक फार सुंदर निवड करून ठेवली आहे. समुद्रावर एकाच वेळी सगळ्या आकारांच्या लाटा असतात, पण रडार त्यांतली एकच लांबी निवडून ऐकते. शेजारच्या दोन लहरींवरून परतणाऱ्या पडसादांच्या मार्गात बरोबर एका रडार-लहरीचा फरक पडला, तर ते पडसाद एकमेकांत मिसळून बळावतात. बाकीच्यांचे एकमेकांना खोडून काढतात. स्फटिकांवरून परतणाऱ्या क्ष-किरणांसाठी ब्रॅग पितापुत्रांनी जो नियम शोधला, तोच इथे लागू पडतो. भारताचा स्कॅटरोमीटर 13.5 गिगाहर्ट्झवर चालतो. त्याची लहर 2.2 सेंटिमीटरची, आणि पन्नास अंशांच्या आसपासच्या कोनातून ती पाण्यावर पडते तेव्हा दीड सेंटिमीटर लांबीच्या पाण्याच्या लहरींशी तिचे जुळते. युरोपचा स्कॅटरोमीटर अधिक लांब, साधारण 5.7 सेंटिमीटरची लहर वापरतो, म्हणून त्याला चार-पाच सेंटिमीटरच्या लहरी दिसतात. सातशे किलोमीटर उंचीवरून बोटाएवढ्या लहरींचा सुगावा घ्यायचा, तोही ताशी सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने धावत्या उपग्रहावरून! परतलेला पडसाद इतका क्षीण असतो की उपकरणाच्या स्वतःच्या विद्युत गोंगाटाखाली तो बुडून जातो. म्हणून नुसता गोंगाट वेगळा मोजायचा आणि एकूण आकड्यातून तो वजा करायचा, तेव्हा कुठे समुद्राचा वाटा हाती लागतो.

आता दिशेचा प्रश्न. पडसाद किती जोराचा यावरून वाऱ्याचा वेग ताडता येईल, पण तो नैर्ऋत्येचा आहे की वायव्येचा हे कसे कळणार? नांगरलेल्या शेताकडे तासांच्या रेषेत उभे राहून पाहिले तर ते एक दिसते, आडवे उभे राहून पाहिले तर वेगळेच. वाऱ्याने उठवलेल्या लहरींचेही तसेच आहे. वारा जिकडून येतो त्या बाजूने रडारने पाहिले तर पडसाद सर्वांत जास्त येतो, वारा जिकडे जातो त्या बाजूने पाहिले तर त्याहून किंचित कमी, आणि आडवे पाहिले तर सर्वांत कमी. म्हणून एकाच जागेकडे अनेक दिशांनी पाहावे लागते. ओशनसॅट-2 वरच्या स्कॅटरोमीटरमध्ये एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटाला सुमारे वीस फेरे घेत फिरायची आणि तिच्यातून थोड्या वेगळ्या कोनांचे दोन झोत खाली पडायचे. उपग्रह पुढे सरकत असल्याने समुद्रावरची एकच जागा आधी पुढच्या बाजूने दोनदा आणि काही मिनिटांनी मागच्या बाजूने दोनदा दिसायची. एका जागेचे असे चार पडसाद मिळायचे.

हे चार आकडे घेऊन गणिताकडे गेलो की ते एकच उत्तर देत नाही. दोन, तीन, कधी चार उत्तरे देते. वेग साधारण सारखाच, पण दिशा वेगवेगळ्या, बरेचदा एक दिशा दुसरीच्या बरोबर उलट. वाऱ्याच्या उगमाकडून आणि त्याच्या पाठीमागून येणाऱ्या पडसादांत फरक थोडाच असल्याने हा घोळ होतो. मग शेजारच्या जागांच्या उत्तरांशी पडताळायचे, हवामानाच्या प्रारूपाने आधीच वर्तवलेल्या वाऱ्याशी ताडून पाहायचे आणि सुसंगत ठरेल ती दिशा ठेवायची. संगणकाच्या पडद्यावर अरबी समुद्रभर जे सुबक बाण दिसतात, त्यांतल्या प्रत्येकामागे अशी निवड झालेली असते. मला या साऱ्या विषयात हा टप्पा सर्वांत आवडतो, कारण मोजमाप आणि तर्क इथे एकमेकांचा हात धरून चालतात.

वेगाचा आकडा तरी कुठून येतो? पाण्याच्या लहरींपासून वाऱ्यापर्यंत नेणारे परिपूर्ण समीकरण अजून कोणाला मांडता आलेले नाही. म्हणून समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या बोयांवर खरे वारामापक बसवतात. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात असे बोये ठेवले आहेत. उपग्रह बोयावरून जातो तेव्हाचा पडसाद आणि बोयाने मोजलेला वारा शेजारी मांडायचे. हजारो जोड्या जमल्या की पडसाद आणि वारा यांचा संबंध ठरवता येतो. वारा उंचीप्रमाणे बदलतो, म्हणून सारे आकडे समुद्रापासून 10 मीटर उंचीचे करून घेतात. ओशनसॅट-2 साठी लक्ष्य ठेवले होते ते सेकंदाला 4 ते 24 मीटर वारा, वेगात दोन मीटरची आणि दिशेत वीस अंशांची चूक चालेल असे. 

या प्रवासातली पहिली मोठी पायरी अमेरिकेच्या सीसॅटची. जून 1978 मध्ये तो गेला आणि तीन-साडेतीन महिन्यांत विजेच्या बिघाडाने बंद पडला, पण तेवढ्यात त्याने वारा वरून मोजता येतो हे सिद्ध केले. भारताने वेगळ्या वाटेने सुरुवात केली. जून 1979 मध्ये गेलेल्या भास्कर-1 वर समीर नावाचे सूक्ष्मलहरी उपकरण होते. ते स्वतः काही सोडत नसे. समुद्र आपल्या तापमानामुळे ज्या क्षीण सूक्ष्मलहरी बाहेर टाकतो, त्या ते टिपत असे. पाणी खडबडीत झाले, त्यावर फेस आला की हे उत्सर्जन वाढते, म्हणून त्यातूनही वाऱ्याचा वेग काढता येतो. मे 1999 मधल्या ओशनसॅट-1 वर याच जातीचे, चार वारंवारतांचे उपकरण होते. दिशा मात्र अशा साध्या उपकरणांना कळत नाही. दिशेसाठी स्कॅटरोमीटर हवा होता, तो अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात तयार झाला आणि 23 सप्टेंबर 2009 रोजी ओशनसॅट-2 बरोबर श्रीहरीकोटाहून गेला. दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या क्विकस्कॅट या स्कॅटरोमीटर उपग्रहाची फिरती तबकडी दहा वर्षांच्या सेवेनंतर थांबली. साऱ्या जगाला एकाएकी भारतीय आकड्यांची गरज पडली. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे सरकत होते, तेव्हा नासाने त्याच्या वाऱ्याचे जे चित्र प्रसिद्ध केले ते या भारतीय उपकरणाच्या नोंदींवरून केलेले होते. ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली जायला हवी.

या साधनाच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात, कारण मुळशीचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. पहिली पावसाची. दोन सेंटिमीटरच्या लहरी ढगातून जातात, पण जोरदार पावसाच्या थेंबांवर अडखळतात. थेंब समुद्रावर पडून स्वतःच्या लहरीही उठवतात, आणि रडारला वाऱ्याच्या लहरी कोणत्या व थेंबांच्या कोणत्या हे कळत नाही. युरोपच्या लांब लहरींना हा त्रास कमी होतो. दुसरी किनाऱ्याची. जमिनीवरून येणारा पडसाद समुद्राच्या मानाने फार मोठा असतो. झोताच्या कडेला जरी जमीन आली तरी आकडा बिघडतो, म्हणून किनाऱ्यालगतचा 25 ते 50 किलोमीटरचा पट्टा सहसा वगळावा लागतो. मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वरसमोरचा समुद्र त्यातच येतो, आणि ताम्हिणीकडे निघालेला वारा शेवटी ओलांडतो तो हाच पट्टा. अधिक बारकाईने पाहणारी वेगळ्या प्रकारची रडारे, जशी भारताच्या ईओएस-04 वर किंवा युरोपच्या सेंटिनेल-1 वर आहेत, ती इथे उपयोगी पडतात, पण ती रोज सारा समुद्र पाहू शकत नाहीत.

तिसरी मर्यादा वादळांची. 3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि ते घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरले. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर भागात घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, फुलशेतीची पॉलिहाऊस फाटली, विजेचे खांब वाकले. इतक्या वेगाला दीड सेंटिमीटरच्या लहरी जवळजवळ मुक्या होतात. वारा वाढला तरी पडसाद त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय पंचवीस किलोमीटरच्या चौकटीची सरासरी घेताना वादळाच्या डोळ्याभोवतीचा अरुंद, भयंकर पट्टा पुसट होतो. म्हणून वादळाचा सर्वाधिक वेग एकट्या स्कॅटरोमीटरवरून ठरवत नाहीत. पण समुद्रावर कमी दाबाभोवती वारा खरोखर गोल फिरू लागला आहे का, त्या फिरण्याचे केंद्र कुठे आहे, आणि जोराचा वारा कोणत्या दिशेला किती दूर पसरला आहे, हे त्याच्याइतके नीट दुसरे कोणी सांगत नाही. होड्या कधी परत बोलवायच्या, हे याच माहितीवर ठरते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेले आणि मुंबई हायजवळ पी-305 हा तराफा बुडून कित्येक कामगार गेले. त्या वेळी भारताचा स्वतःचा स्कॅटरोमीटर आकाशात काम करत नव्हता. ओशनसॅट-2 वरचे उपकरण फेब्रुवारी 2014 मध्ये थांबले. त्याची जागा घेणारा स्कॅटसॅट-1 सप्टेंबर 2016 मध्ये गेला. तोही 2021 च्या सुरुवातीला बंद पडला आणि ईओएस-06 म्हणजेच ओशनसॅट-3 नोव्हेंबर 2022 मध्ये गेला. हवामान खात्याने तौक्तेचे इशारे वेळेवर दिले होते, युरोपच्या आणि इतरांच्या नोंदी हाताशी होत्या, त्यामुळे त्या दुर्घटनेचा दोष या खंडाला लावता येणार नाही. तरी युरोपचा उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटर रुंदीचे दोन पट्टे पाहतो आणि मधली मोठी जागा सुटते. आपला एकाच खेपेत अठराशे किलोमीटर पाहतो. अरबी समुद्रासारख्या आकाराच्या समुद्राला हा फरक किरकोळ नाही. दोनदा पडलेला खंड तिसऱ्यांदा पडू नये, एक उपग्रह चालू असतानाच दुसरा तयार असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्विकस्कॅट हा मुळात आधीचा उपग्रह अचानक गेल्यावर घाईने उभा केलेला होता. आपणही तेवढी घाई करायला शिकले पाहिजे.

या बाणांचे पुढे काय होते? ते हवामानाच्या प्रारूपांत घातले जातात. प्रारूप म्हणजे हवेच्या गतीची आणि उष्णतेची समीकरणे, आणि ती सोडवणारा महासंगणक. पाषाणच्या आयआयटीएममध्ये 2018 पासून प्रत्यूष आणि 2024 पासून अर्क हे महासंगणक हेच काम करतात. समीकरणे कितीही चांगली असली तरी सुरुवातीची स्थिती चुकली तर दोन दिवसांनी पाऊस भलतीकडेच पाडला जातो. पुण्यातूनच वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या प्रारूपाची चर्चा 1988 नंतर घराघरांत पोचली. ते सगळ्या हंगामाचे, सगळ्या देशाचे भाकीत होते. मुळशीतल्या शेतकऱ्याला तेवढ्याने भागत नाही. भाताची रोपे उपटून खाचरात लावायला घ्यायची की दोन दिवस थांबायचे, हे त्याला पुढच्या अठ्ठेचाळीस तासांचे कळायला हवे. इंद्रायणी भाताची लावणी जोरदार पावसाने वाहून गेली तर रोपे पुन्हा कुठून आणायची? 

धरणालाही हेच लागते. मुळशीचे धरण टाटांनी विजेसाठी बांधले. त्यात गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो आजही या तालुक्यात विसरलेला नाही. मुळेचे जे पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, ते इथे अडवून बोगद्यातून पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडतात आणि पुढे कुंडलिकेतून ते अरबी समुद्राला मिळते. म्हणजे अरबी समुद्रावरून वाऱ्याने आणलेले पाणी वीज देऊन पुन्हा अरबी समुद्रात जाते. धरण काठोकाठ भरत आले असताना वर ताम्हिणीत उद्या पाचशे मिलिमीटर पडणार आहेत हे आज कळले, तर आजच थोडे थोडे पाणी सोडता येते. उद्या कळले तर एकदम सोडावे लागते आणि ते खाली मुळेकाठच्या गावांना आणि शहराला भोगावे लागते.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून हजारो गाड्या पौड ओलांडून ताम्हिणीकडे जातात. धबधबे, देवकुंड, धुके यांची ओढ मी समजू शकतो. पण घाटात ऊन पडले आहे म्हणून वर पाऊस नाही असे होत नाही, आणि ओढ्याचे पाणी काही मिनिटांत कमरेच्या वर जाते. दरवर्षी माणसे वाहून जातात. हवामान खाते पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देते, शहरासाठीचा वेगळा असतो. निघण्यापूर्वी घाटमाथ्याचा पाहा. तो लाल असेल तर गाडी बाहेर काढू नका. समुद्रावरचा वारा उपग्रहाने दोन दिवस आधी मोजलेला असतो आणि त्या इशाऱ्यात तो धरलेला असतो.